शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक माझ्याकडे असायचं.
भालाफेकीत शून्य लांब असतं, भाला पडतो तिथं;
आकडा वाचणारा दुसराच कुणी, इकडे रेषेपाशी.
बत्तीस वर्षं टपाल वाटून झाल्यावर
हॅनकॉकच्या कॉलेजात मी हे काम मागून घेतलं.
गवतात उभं राहायचं, वर बघायचं,
आणि वेळेवर बाजूला व्हायचं.

सायमी लाह्ती फेकायची तेव्हा
बाजूला व्हायला जरा जास्त वेळ मिळायचा.
तिच्या भाल्याला घाई नसायची,
घाई सगळी ती धावण्यात संपवून टाकायची.
वेणी खांद्यावर आपटत यायची, डावी टाच रोवायची,
आणि तोंडातून एक आवाज,
जड कपाट सरकवताना निघतो तसला.
सुंदर वगैरे काही नाही.
मग लांबूनच ओरडायची,
"मिस्टर पेनहेल, भोक बुजवा हं,
कुणाचा तरी पाय मुरगळेल!"

दगडांचा अभ्यास होता तिचा.
भाला उपसताना मातीसोबत काही वर आलं
तर खिशात टाकून नेऊन द्यावं लागे.
हिरवट खडा असला की थुंकी लावून पुसायची,
म्हणायची, तांबं,
तुमच्या आजोबांच्या हातून निसटलेलं.

मे महिन्यात पदवी मिळाली.
काळ्या झग्याच्या बाहीतून कोपराची पट्टी दिसत होती.
गुंडाळलेला कागद तिनं कानाशी भाल्यासारखा धरला
आणि तोइवोनं फोटो काढला.
निम्म्या फोटोत त्याचंच बोट आहे.

ऑगस्टात गेली. मंगळवारी, न्याहारीच्या आधी.
डोक्यातली एक शीर.
डॉक्टरांनी बापाला कागदावर काढून दाखवली.
तो म्हणाला, नदीसारखी दिसते.
नंतर दोन दिवस तो काही बोलला नाही.

चर्चच्या तळघरात कॉफी होती, वेलचीचा पाव होता.
प्रशिक्षक म्हणाले, अठ्ठेचाळीस मीटर बारा,
कॉलेजचा विक्रम, अजून कुणी मोडलेला नाही.
लोकांनी माना डोलावल्या.
तोइवो माझ्या शेजारी येऊन बसला.
हिवाळाभर रस्त्यांवरचा बर्फ लोटणारा माणूस,
कप दोन्ही हातांत धरून.
म्हणाला, "आणि ती? एप्रिलमधली?"

ती.
तिच्या बुटाचं टोक रेषेपलीकडे गेलं होतं,
बोटभर, फार तर दोन.
मी आधीच पळत सुटलो होतो,
कारण भाला माझ्या डोक्यावरून गेला होता,
कापलेलं गवत संपतं त्याच्याही पुढे,
आणि तिथं उभा राहून थरथरत होता.
मागे वळलो तर लाल झेंडा वर.
नियम आहे. फाउल मोजत नाहीत.
भाला उपसला, टाचेनं भोक बुजवलं.
नीट बुजवलं. तिनंच शिकवलं होतं.

ऑक्टोबरात आम्ही दोघं मैदानावर गेलो.
सरोवराकडून गार वारा येत होता.
तोइवो म्हणाला, त्या बर्चच्या सरळ रेषेत.
मी म्हणालो, अलीकडे.
तो त्या दिवशी कुंपणापाशी होता, मी इथं,
तरी आमच्यात चार पावलांचा फरक.
"तुम्ही जवळ होतात," तो म्हणाला.
मी म्हणालो, "मी वर बघत होतो."
खरं तर मी पळत होतो. जीव वाचवायला.
हे सांगितल्यावर तो हसला,
ऑगस्टनंतर पहिल्यांदा असावं,
आणि ते हसू कुठं ठेवावं हे न कळून
टेपचं चाक घेऊन रेषेकडे चालू लागला.

बर्चच्या रेषेतच मी गुडघा टेकला.
त्याची जागा असेल तर असो.
शून्य मातीवर अंगठ्यानं दाबलं.
तिकडे तो वाकला, बराच वेळ वाकून राहिला.
काहीतरी म्हणाला. एक आकडा.
वाऱ्यात मला ऐकू आला नाही,
मी परत विचारला नाही.
तो टेप सोडत नव्हता.
ताणलेली टेप हलत होती,
वाऱ्यानं असेल,
माझ्या अंगठ्याखाली बारीक, सारखी.
मी शून्य दाबून धरलं.